सरांचा मोतीबिंदू आणि माझा स्पिरिटचा बोळा

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. आणि हातातला कप खाली ठेवा. मागच्या वेळी ही गोष्ट सांगताना आमच्या नणंदबाईंना असा ठसका लागला की चहा नाकातून आला. मी एवढी नर्स, पण पाठ थोपटायला उठले नाही. कारण मला राग आला होता. फजिती माझी, आणि या बाई हसून हसून लाल!

तर ऐका. माझ्यामुळे नागपुरातल्या एका चांगल्या हृदयाच्या डॉक्टरांनी आपलं काम सोडून शेतात जायची तयारी केली होती. मी काय केलं असेल? चुकीचं इंजेक्शन दिलं? छे! हातातून काही पाडलं? अजिबात नाही. मी फक्त काळजी घेतली. जरा जास्तच घेतली.

मी सुनंदा, एका खासगी हॉस्पिटलात कॅथ लॅबची इन-चार्ज सिस्टर. कॅथ लॅब म्हणजे ती थंडगार खोली, जिथं पेशंटच्या मनगटातून नाहीतर मांडीतून बारीक तार घालतात, ती थेट हृदयापर्यंत नेतात आणि बंद पडलेली नळी उघडतात. तार कुठवर गेली ते दिसावं म्हणून एक्स-रे चालू असतो. पेशंट येतो, बरा होऊन घरी जातो. आम्ही मात्र रोज तिथंच उभे. म्हणून अंगात शिशाचा जड अ‍ॅप्रन, गळ्याला शिशाचा पट्टा आणि डोळ्यांना शिशाच्या काचेचा चष्मा. हा चष्मा घातला नाही तर वर्षानुवर्षांच्या एक्स-रेनं डोळ्यात मोतीबिंदू होऊ शकतो.

अ‍ॅप्रन सगळे घालतात हो. चष्मा म्हटलं की सगळ्यांची नाकं मुरडलेली!

आमचे गावंडे सर साठीला टेकलेले. हात असा, की जिथं दुसऱ्याची तार अडून बसते तिथं सरांची सरळ पुढं जाते. पेशंटचे नातेवाईक पाया पडायला येतात आणि सर लाजून चहा प्यायला पळतात. पण चष्म्याचं नाव काढलं की, "सिस्टर, नाकावर वरवंटा ठेवल्यासारखं होते. राहू द्या." आमचा टेक्निशियन प्रफुल्ल त्याहून वरचढ. तो म्हणायचा, "सिस्टर, त्या चष्म्यानं माह्या केसाचा भांग बिघडते." याचं लग्न ठरलेलं, त्यामुळे भांग हा जीवनमरणाचा प्रश्न!

अशात मला एका कार्यशाळेला पाठवलं. दुपारभर व्याख्यान आणि पडद्यावर मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांचे हे एवढाले फोटो. परत आले ती ऑफिसच्या मागेच लागले. जुने चष्मे कोणाच्या मापाचे नव्हते, कोणाच्या नंबरचे नव्हते, घालतील कसे? मी येता-जाता मोतीबिंदू, उठता-बसता मोतीबिंदू. शेवटी मला पाहिलं की ऑफिसातले लोक जिना बदलायला लागले. आणि एक दिवस नवे चष्मे आले! प्रत्येकाच्या नाकाच्या मापाचे, ज्याचा त्याचा नंबर काचेत घातलेला. सरांचा, सरांच्या हाताखालच्या आमच्या छोट्या डॉक्टरांचा, प्रफुल्लचा आणि माझा.

मी डबे उघडले. काय ते चष्मे! बाजूनंसुद्धा काच, मऊ मखमली घर, आणि काचेवर पातळशी पारदर्शक फिल्म. नव्या मोबाइलवर असते ना, तशी. बोट फिरवल्याशिवाय कळायचीसुद्धा नाही.

आता इथं थोडं माझ्या घराबद्दल सांगावं लागेल. म्हणजे तुम्हाला माणूस कळेल.

आमचं घर सक्करदऱ्याला. घरात सोफा आहे. सोफ्यावर कव्हर आहे. कव्हरवर प्लास्टिक आहे. टीव्हीचा रिमोट पिशवीत, पिशवीला रबर. मिक्सरला मी स्वतः झगा शिवला आहे. लग्नात आलेला डिनर सेट शोकेसमध्ये आहे. पाहुणे आले की त्यांना तो दिसतो, त्यात मिळत काही नाही. आमचे हे वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर मॅनेजर. ते म्हणतात, "दिवसभर पॅक केलेलं सामान पाहून पाहून घरी येतो, तं घरी बी सगळं पॅकच! एखाद्या दिवशी मलेबी गुंडाळून ठेवशीन तू."

मी म्हणते, "ठेवलं असतं तर आज एवढे टकले नसता झालात."

तर मला सांगा, अशी बाई त्या नव्याकोऱ्या महागाच्या चष्म्यावरची फिल्म काढेल का? शक्यच नाही. काढली की पडला ओरखडा! आणि मी कोणाला सांगितलंही नाही. पुरुषांना फिल्म दिसली की नखानं टोकरत बसतात. माझा आपला गुपचूप कारभार. वरून रोज प्रत्येक केसनंतर मी ते चष्मे स्वतः पुसायची. कशानं? स्पिरिटनं! कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि काच घसघसून पुसायची. जंतू राहील का एकतरी?

पहिल्या दिवशी सरांना मी चष्मा अक्षरशः बाळाला टोपडं घालावं तसा घातला. "काढायचा नाही हां सर. माझी शपथ आहे." सर बिचारे हो म्हणाले. छोटे डॉक्टर हो म्हणाले, आणि खिशात ठेवून दिला. प्रफुल्लनं चष्मा घातला खरा, पण कपाळावर! म्हणजे भांगही शाबूत आणि फॅशनही.

काही आठवडे छान गेले. मग हळूहळू सर मॉनिटरकडे वाकून बघायला लागले. "प्रफुल्ल, ब्राइटनेस वाढव." प्रफुल्लनं वाढवला. "अजून वाढव." त्यानं अजून वाढवला. "सर, यापुढे वाढवला तं बाहेरून लोकं पाहाले येतीन," प्रफुल्ल म्हणाला. सर हसले नाहीत. एरवी त्याच्या फालतू विनोदालाही हसणारा माणूस!

एक दिवस केस संपल्यावर सर मला म्हणाले, "सिस्टर, दार लावा."

मी घाबरले. म्हटलं, माझं काही चुकलं की काय?

"मले धुकं दिसते," सर म्हणाले. सर फार मनातलं बोलायला लागले की त्यांची गावाकडची भाषा येते. "नळीची कड साफ दिसत नाही. पहिले वाटलं, मशीन बिघडली. मग समजलं, मशीन नाही, मीच."

कार्यशाळेतले सगळे फोटो एकदम डोळ्यांसमोर आले.

"घरी कसं दिसतं सर?"

"घरी तं बरं दिसते. पेपर वाचतो, गाडी चालवतो. इथं आलो का धुकं."

आता बघा. तुम्ही काही डॉक्टर नाही, नर्स नाही, इथं चहा पिता आहात. तरी तुमच्या लक्षात आलं ना? घरी बरं, इथं धुकं, तर इथं वेगळं काय आहे ते बघावं! पण मी? मी व्याख्यान ऐकलेली बाई! मी मान हलवून म्हणाले, "तसंच असतं सर. एक्स-रेचा मोतीबिंदू आधी उजेडासमोर त्रास देतो. मॉनिटर म्हणजे उजेडच की."

सर विचारात पडले. मग म्हणाले, "पण सिस्टर, चष्मा जरा वर केला ना, तं एकदम बरं वाटते."

"चष्मा वर करता?" मी ओरडलेच. "सर, या अवस्थेत चष्मा वर करता? उरलासुरला डोळा घालवायचा आहे का?" आणि मी पुढं होऊन, अहो स्वतःच्या हातानं, त्यांचा चष्मा खाली नाकावर दाबून बसवला!

तो माणूस दोनदा खऱ्या कारणापर्यंत पोचला होता आणि दोन्ही वेळा मी त्याला हाताला धरून परत आणलं. एवढी हुशारी मी आयुष्यात दुसरीकडे कुठंच वापरलेली नाही.

"मी म्हणतो, बंद करावं," सर म्हणाले. "पेशंटच्या हृदयात तार घालतो मी. अंदाजानं घालणं माह्याच्यानं होणार नाही. सोमवारपासून छोटे डॉक्टर करतील केसेस. मी कन्हानला जातो. तिकडे शेती आहे आमची, भाऊ पाहतो. मीबी पाहीन."

"डोळ्यांच्या डॉक्टरांना तरी दाखवा सर!"

"दाखवतो ना. पाहू पुढच्या आठवड्यात."

डॉक्टर लोकांचं तुम्हाला माहीतच असेल. दुसऱ्याला म्हणतील आत्ताच्या आत्ता तपासा, आणि स्वतःचं आलं की पुढचा आठवडा. खरं म्हणजे सर घाबरले होते. जोवर दाखवलं नाही तोवर मोतीबिंदू पक्का नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात असणार. "आणि कोणाला सांगू नका," एवढं म्हणून ते गेले. मी त्या रिकाम्या लॅबमध्ये उभी राहून रडले हो. खोटं नाही सांगत. इतकी वर्षं त्या हातांना मी तारा दिल्या, सुया दिल्या. ते हात आता शेतात काय करणार?

मी कोणाला सांगितलं नाही. फक्त प्रफुल्लला सांगितलं, तेही त्याच्या भल्यासाठी. आणि छोट्या डॉक्टरांना. आणि आयसीयूच्या सिस्टरला, कारण तिनं विचारलं की डोळे काहून सुजले. संध्याकाळपर्यंत लिफ्टवाल्यालाही माहीत होतं.

पण परिणाम काय झाला ते बघा! प्रफुल्लचा चष्मा कपाळावरून सटकन खाली आला. छोट्या डॉक्टरांचा खिशातून बाहेर आला. मी लॅबमध्ये उभी राहून भाषण ठोकलं, "बघा, सरांनी इतकी वर्षं ऐकलं नाही, काय झालं ते बघा! आता तरी डोळ्यांना जपा!" प्रफुल्ल तर इतका हादरला की कॅन्टीनमध्ये तर्री-पोहे खातानाही चष्मा घालून बसायचा. समोरचे लोक वाट करून द्यायचे, त्यांना वाटायचं याचं ऑपरेशन झालंय.

आणि मी? माझी जबाबदारी वाढली ना! आता पुसणं एकदा नाही. केसच्या आधी स्पिरिट, केसच्या नंतर स्पिरिट. सरांचा चष्मा तर मी जरा जास्तच मायेनं घासायची. जाणारा माणूस, आपल्याकडून काही राहायला नको.

सोमवारची वाट बघत होतो सगळे. सर शेवटच्या केसेस फक्त बाजूला उभं राहून छोट्या डॉक्टरांना शिकवत होते. आणि शुक्रवारी प्रफुल्ल माझ्याकडे आला. चेहरा पांढराफटक.

"सिस्टर, मलेबी धुकं दिसून राहिलं."

"काय बोलतोस?"

"आईशप्पथ! मॉनिटर दुधात बुडवल्यासारखा दिसते. माहं लग्न आहे ना वो सिस्टर! पोरीले नीट पाहिलंबी नाही अजून, आन् आताच..."

मी त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. तेवढ्यात छोटे डॉक्टर दारातून म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला सांगणार नव्हतो, पण मलापण."

एकाच लॅबमध्ये तीन मोतीबिंदू! सगळ्या हॉस्पिटलात बोंब उठली. कोणी म्हणे मशीन गळतं आहे, एक्स-रे कुठून तरी बाहेर सांडतो आहे. कोणी म्हणे भिंतीतलं शिसं संपलं. ऑफिसनं लॅबला कुलूप घातलं. आलेले पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवावे लागले. मशीनवाल्या कंपनीचा इंजिनिअर धावत आला, मीटर घेऊन खोलीचा कोपरा न् कोपरा फिरला, अगदी माझ्या स्टुलाखालीसुद्धा वाकून पाहिलं. शेवटी म्हणाला, "मशीन एकदम ठीक है मॅडम. आपके लोगों की आँखों का पता नहीं."

त्या रात्री मी जेवले नाही. यांनी विचारलं, "अवं, सगळ्यायले झालं, तं तुले काहून नाही झालं?"

"माझी नजर मुळातच चांगली," मी म्हटलं.

"हाव, बरोबर," हे म्हणाले आणि पिशवीतल्या रिमोटशी झटापट करत चॅनेल बदलायला लागले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसनं हुकूम काढला, कॅथ लॅबच्या सगळ्या लोकांनी आमच्याच हॉस्पिटलातल्या कीर्ती मॅडमकडे डोळे तपासून घ्यायचे. झाली की नाही पंचाईत! आता सरांना पुढचा आठवडा म्हणायची सोय राहिली नाही.

ओपीडीच्या बाकावर आम्ही सगळे रांगेत बसलो. सर कडेला, दोन्ही हात मांडीवर ठेवून, एखाद्या पेशंटसारखे. मला बघवेना. मी म्हटलं, "सर, काही होणार नाही."

"तुरीचं बियाणं सांगून ठेवलं भावाले," सर म्हणाले. मग म्हणाले, "भाऊ म्हणे, दादा, तुरीवरची अळी पाहालेबी डोळे लागते." आणि स्वतःच हसायचा प्रयत्न केला. मी तोंड फिरवून पदर डोळ्याला लावला.

कीर्ती मॅडमनी सरांना आत घेतलं. आम्ही दारातच घुटमळत होतो. मॅडमनी भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. सरांनी आपला रोजचा चष्मा लावला आणि वरून सुरुवात केली. मोठी अक्षरं वाचली, मधली वाचली, बारीक वाचली, सगळ्यात खालची ओळ वाचली!

मॅडम म्हणाल्या, "सर, धुकं कुठं आहे?"

"लॅबमध्ये," सर म्हणाले.

"लॅबमध्ये हाच चष्मा असतो का?"

"नाही, तिथं शिशाचा."

"तो दाखवता का मला?"

दाखवता का? अहो, मी तर याच क्षणाची वाट बघत होते! धावतच गेले, लॅबची किल्ली मागून घेतली आणि सरांचा चष्मा मखमली घरातून, वर माझा स्वच्छ रुमाल गुंडाळून घेऊन आले. सोनार गिऱ्हाइकासमोर हार ठेवतो तसा मॅडमसमोर ठेवला. "बघा मॅडम, रोजच्या वापरातला आहे. एक ओरखडा दाखवा!"

मॅडमनी चष्मा दिव्यासमोर धरला. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा चष्म्याकडे.

"सिस्टर, ही काच इतकी पांढुरकी कशी झाली?"

"पांढुरकी नाही मॅडम. फिल्म आहे त्यावर. काच खराब होऊ नये म्हणून मी काढली नाही."

"आणि पुसता कशानं?"

"स्पिरिटनं!" मी छाती फुगवून म्हटलं. "एका केसला दोनदा."

मॅडमनी काचेच्या कोपऱ्यात नख घातलं आणि ओढलं. चर्रर्र! दह्यावरची साय निघावी तसा पांढरा पापुद्रा निघून आला. दुसऱ्या काचेवरचा ओढला. चर्रर्र! मग तो चष्मा सरांच्या हातात दिला.

सरांनी घातला. तक्त्याकडे पाहिलं. शेवटची ओळ वाचली. त्याच्याखाली बारीक टायपात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. इतकं स्पष्ट माझ्याकडे कोणी कधी पाहिलं नसेल.

जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं वाटतं ना कधीकधी? पण ती ओपीडी तिसऱ्या मजल्यावर. दुभंगली असती तरी मी खालच्या हाडांच्या विभागात पडले असते.

"काहून सिस्टर?" सरांनी विचारलं.

"सर... नवे राहावे म्हणून."

सर खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. नाही, ते हसत होते! आवाज न करता, खांदे गदागदा हलवत, डोळ्यांतून पाणी. "अवं माय! मी तुरीचं बियाणं घेतलं ना वं माय!" एवढंच परत परत म्हणत होते. त्या हसण्यात एक हुंदकाही होता, तो मी ऐकला. आणि खरं सांगते, माझी एवढी लाज गेली तरी त्या घडीला मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की मीही हसायला लागले. सर कुठं जात नव्हते! सरांचे हात आमच्याकडेच राहणार होते!

प्रफुल्लनं बाहेरूनच आपला चष्मा काढून नखानं फिल्म ओढली, डोळ्याला लावला आणि नाचलाच. "दिसून राहिलं! सगळं दिसून राहिलं!" मग एकदम थांबून माझ्यावर घसरला, "सिस्टर, मी तं मायले फोन केला होता का मी आंधळा होऊन राहिलो! थे बिचारी पोरीच्या घरी कसं सांगाव म्हणून रडून राहिली!"

"कर ना बाप्पा आता फोन," मी म्हटलं. "सांग, सिस्टरच आंधळी होती."

कीर्ती मॅडम शिस्तीच्या. त्या म्हणाल्या, आलाच आहात तर औषध टाकून डोळे आतूनही नीट पाहते. सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब पडले. सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदूचं नावही नव्हतं. "छतावरून लटकते ती शिशाची काच तुम्ही नेमानं मधे ओढून घेता ना सर? तिनं वाचवलं तुम्हाला," मॅडम म्हणाल्या. छोटे डॉक्टर ठीक. प्रफुल्ल ठणठणीत. कोणीतरी चहा मागवला. सगळा आनंदीआनंद!

"सिस्टर, आता तुम्ही बसा," मॅडम म्हणाल्या.

"मला काही गरज नाही मॅडम. मला धुकंबिकं काही दिसत नाही."

"बसा हो."

बसले. हनुवटी त्या मशीनवर टेकवली, कपाळ पट्टीला लावलं. मागं प्रफुल्ल नक्कल करत होता, स्पिरिटचा बोळा घेऊन हवा पुसत होता. सगळे खिदळत होते. मॅडमनी उजवा डोळा पाहिला. डावा पाहिला. पुन्हा डावा पाहिला.

"केस चालू असताना तुम्ही कुठं उभ्या असता सिस्टर?"

"टेबलाच्या डावीकडे. औषध द्यायला, पेशंटला धीर द्यायला वाकावं लागतं ना."

"म्हणजे ती लटकती काच तुमच्या आणि पेशंटच्या मधे येत नाही."

"नाही येत. ती सरांसाठी."

मॅडम मागं सरकल्या. "डाव्या डोळ्यात मागच्या बाजूला बारीकसा डाग आहे. मोतीबिंदूची सुरुवात म्हणा. आज काही करायचं कारण नाही, घाबरू नका. वयानंही असेल, एक्स-रेनंही असेल. दर सहा महिन्यांनी दाखवायला या. पण आजपासून चष्म्याशिवाय लॅबमध्ये पाय ठेवायचा नाही."

प्रफुल्लचा बोळा हवेतच थांबला.

"सिस्टर," सर म्हणाले, "तुमचाबी चष्मा आला होता ना? कुठं आहे?"

"कपाटात आहे सर."

"काहून?"

"सर... रोज घालून खराब होईल म्हणून."

या वेळी कोणी हसलं नाही. सरांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि डोळा?"

गेले कितीतरी महिने जगाला डोळ्यांचं महत्त्व सांगत फिरले मी. मी कंबरेची किल्ली काढून प्रफुल्लच्या हातात दिली. तो पळत गेला, डबा घेऊन आला. डबासुद्धा पिशवीत होता. पिशवीला रबर होतं. त्यानं चष्मा बाहेर काढला. झगझगीत, कोराकरकरीत, जसा आला तसा. सरांनी तो चष्मा घेतला, काचेच्या कोपऱ्यात नख घातलं आणि फिल्म ओढायला लागले.

आणि खरं सांगू? डोळ्यात डाग, भोवती लॅबची सगळी माणसं माझ्या काळजीत उभी, आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल?

"सर, जरा हळू हां. ओरखडा पडेल."